कोशाच्या रानातले बूट

आधीच सांगून टाकते. माझं अक्षर कोंबडीनं अंगण उकरल्यासारखं आहे, आणि कोणता शब्द ऱ्हस्व, कोणता दीर्घ, हे मला कधी नीट जमलं नाही. मी चौथी शिकले. आमच्या गावची शाळा चौथीला संपायची. पाचवी नदीपल्याड होती आणि नदीपल्याड मुलीला पाठवायची पद्धत नव्हती. ही पानं कुणाच्या हाती लागलीच, तर चुका पाहून हसू नका. मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. आज सकाळपासून एक आवाज कानातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

सकाळी तलावाच्या पाळीवर बसून विकायच्या मासोळ्या साफ करत होते. पलीकडच्या रानातून हाक आली, "हूऽऽऽ!" मग जरा दूरून दुसरी, मग तिसरी. एकीनं टाकलेली हाक दुसरी उचलत होती.  मांजर मासोळी घेऊन गेलं तरी मला कळलं नाही. भादवा सरत आला होता, शाळेची पोरं यंदाही कोशाच्या रानात कामाला आली होती.

भादव्यात आमचं रान वेगळंच असतं. येनाची झाडं, म्हणजे पुस्तकात ज्याला ऐन म्हणतात ती, हिरवीगार झालेली असतात आणि प्रत्येक झाडावर कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, अळ्या पानं खात असतात. बोटाएवढ्या जाड, पानांसारख्याच हिरव्या. डोळ्यांना चटकन दिसत नाहीत, पण झाडाखाली उभं राहिलं की ऐकू येतात. सुपात कुणी तांदूळ हळूच घोळवत बसावं तसा आवाज सगळ्या रानात भरून राहतो. खालच्या सुक्या पानांवर त्यांची लेंडी टपटप पडते. येनाच्या ओल्या सालीचा तुरट वास येतो. मला तो वास आवडतो. माहेरच्या कुठल्याही वासापेक्षा जास्त आवडतो.

आम्ही ढिवर. तलावात मासोळी धरायची आणि रानात कोसा पाळायचा, हे आमचं पिढ्यांचं काम. अळीला आमच्या घरात कुणी अळी म्हणत नाही, किडा तर नाहीच. "लेकरं" म्हणतात. "लेकरं झोपली," "लेकरं दुसऱ्या झाडावर न्या," असं. लेकरं झाडावर असली की घरात मासोळी शिजत नाही. रोज आंघोळ करून रानात जायचं. आणि रानाच्या कडेला चपला काढायच्या. माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणे, या बाबतीत फार कडक. "चपलेले साऱ्या गावची घाण लागते. ते लेकरायले बाधते," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे गुडघाभर ओल्या गवतात आम्ही सगळे अनवाणी.

लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात मला त्या गवतात परडानं धरलं होतं. परड म्हणजे घोणस. मामाजींनी मला खाटेवर घातलं आणि चिखलातून सरकारी दवाखान्यापर्यंत नेलं. वाटभर ते एकच म्हणत होते, "डोये नको मिटू, पोरी." मी वाचले. पण उजव्या पायाची दोन बोटं मेल्यासारखी राहिली, आणि अजूनही पावसाळ्यात तो पाय घागरीसारखा सुजतो. पुढच्या मोसमात मी त्याच पायानं, अनवाणीच, रानात गेले. कुणी मला जायला सांगितलं नव्हतं, कुणी थांबवलंही नव्हतं. तशीच रीत होती.

ते वर्ष, ज्याच्याबद्दल मला लिहायचं आहे, ते नव्वदनंतरचं. आमच्या घरचे, म्हणजे माझे मालक, त्या वर्षी चांद्याला गिट्टीच्या कामावर गेले होते. रान राखायला मामाजी आणि मी, दोघंच. कावळे इतके की एका बाजूनं हाकलावे तर दुसऱ्या बाजूनं येत. अशात तालुक्याच्या शाळेतून मेश्राम मॅडम आल्या. शाळेत कार्यानुभव नावाचा विषय असतो. त्यात पोरांनी खऱ्या जागी जाऊन काम शिकायचं असतं. त्यांची नववीची आठ पोरं कोशाचं पीक निघेपर्यंत सकाळी येऊन दुपारी परत जातील, असं ठरलं. मामाजींना माणसं हवी होती, ते लगेच हो म्हणाले. मी पदराआडून ऐकत होते. मला काय वाटलं ते कसं लिहू? मी मोठ्या शाळेपर्यंत जाऊ शकले नव्हते. आता शाळाच माझ्या झाडांखाली येत होती.

पहिल्याच सकाळी सगळं मोडायला आलं. पोरं एसटीतून उतरून हसत-खिदळत रानाच्या कडेला पोचली, आणि तिथे मामाजींच्या आणि माझ्या काढून ठेवलेल्या चपला मॅडमना दिसल्या.

"भाऊ, हे काऊन काढल्या?"

"आत अनवाणीच जा लागते, बाई. बापजाद्यापासून तसंच हाय."

मॅडमनी गवताकडे पाहिलं. "गवत गुडघ्याएवढं हाय. ह्या पोरायचे मायबाप माह्या भरवशावर राह्यले. पायात काई नसन तर मी एकालेही आत सोडत नाई."

"मंग नका सोडू."

"नाईच सोडत."

दोघंही खरंच बोलत होते, म्हणून दोघंही हटत नव्हते. पोरांची तोंडं उतरली. त्यातला एक वाह्यात पोरगा, गजानन नाव त्याचं, हळूच म्हणाला, "मॅडम, पन एसटी तं गेली ना! आता काय पैदल जाऊन राह्यलो का आपन?" कुणी हसलं नाही. मॅडमनी पोरांना वळायला सांगितलं.

सासऱ्यांसमोर मी तोवर कधी पुरतं वाक्य बोलले नव्हते. हो, नाही, जेवण वाढलं, एवढंच. त्या दिवशी माझं तोंड कसं उघडलं देव जाणे.

"मामाजी, गावचा रस्ता न पाह्यलेले बूट असले तं?"

त्यांनी मान वळवली. "म्हंजे कसे?"

"कोरे. दुकानातून डोक्यावर आणाचे, खाली नाई ठेवाचे. इथी कडेले घालाचे, इथीच काढाचे. गावात नाई, शाळेत नाई. रानातले रानातच राहतीन. मंग त्यायले कुठची घाण लागन?"

मॅडम म्हणाल्या, "चांद्याले खाणीतले कामगार घालतात तसले गमबूट मियते. घोट्याच्या वर येते."

 मामाजी माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, माझ्या उजव्या पायाकडे बघत होते. मग म्हणाले, "अन् पीक गेलं तं?"

"तं बोल माह्यावर ठेवा."

बूट आले की यायचं ठरवून पोरं त्या दिवशी परत गेली, पण शाळेकडे बुटांसाठी पैसा नव्हता. मॅडम स्वतः तात्पुरत्या नोकरीवर, त्यांचा पगारही वेळेवर होत नसे. गावात बायांचा बचत गट नुकताच सुरू झाला होता. मी गटात होते, पण कोपऱ्यात बसून पैसे टाकायचे आणि उठायचं, एवढंच. पुढच्या बैठकीत मी कर्ज मागितलं तेव्हा अध्यक्ष शेवंताबाईनं पैशाच्या डब्याचं झाकण उघडता उघडता विचारलं,

"कायले पाहिजे वो पार्बता?"

"बुटाले."

"कोनाच्या?"

"शाळेच्या पोरायच्या."

एकच हशा झाला. "पोरं लोकायची, पाय लोकायचे, अन् कर्ज तुले?" शेवंताबाई म्हणाली. "नवऱ्याले कधी चप्पल घेतली का तू? तो चांद्याले फाटकीच घालून गेला, मी पाह्यलं!"

 बोलण्यात मी कधीच हुशार नव्हते. मी लुगडं जरा वर केलं आणि उजवा पाय पुढे ठेवला. सुजलेला होता, ते दिवसच तसे होते. हसणं थांबलं. गावातल्या सगळ्यांना माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि समोर पाय पाहणं वेगळं. शेवंताबाईनं डबा पुढे सरकवला. "दे वो हिले," ती बाजूच्या बाईला म्हणाली. "अन् पीक बुडलं तरी फेडशीन ना?"

"फेडीन," मी म्हणाले. कशातून, ते मला ठाऊक नव्हतं.

आमच्या घरच्यांनी चांद्याच्या बाजारातून बूट घेतले. पोतं भरून एसटीच्या टपावर टाकलं आणि थांब्यापासून रानापर्यंत डोक्यावरून आणलं. मामाजींनी एकेक जोड तलावाच्या पाण्यानं धुतला, येनाच्या झाडाखाली ओळीनं मांडला, हळद-कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. काळ्या रबरावर पिवळी हळद काय शोभत होती! पोरं तोंडावर हात धरून हसत होती.

"आजोबा, आमची कधी पूजा नाई केली कोनं, बुटायची केली!" गजानन म्हणाला.

"आधी बुटाएवढा कामाचा हो, मंग तुही बी करतो."

बूट मोठे होते. मी प्रत्येकात तणस, म्हणजे धानाचं वाळलेलं गवत, कोंबलं. ती पोरं रानातून चालायला लागली की भचाक भचाक आवाज व्हायचा. येनाच्या तुरट वासात कोऱ्या रबराचा वास मिसळला. मला वाटलं, लेकरं आता पानं खाणं सोडतात की काय. मी एका झाडाखाली कान लावून उभी राहिले. तांदूळ घोळवल्याचा आवाज तसाच चालू होता.

पोरांकडून काय करून घ्यायचं आणि काय नाही, हे मॅडमनी आणि मी मिळून ठरवलं. डहाळी तोडायचा विळा मोठ्या माणसाच्याच हाती. पोरांनी पानं खाऊन संपलेल्या झाडाची डहाळी लेकरांसकट अलगद नव्या झाडावर ठेवायची, बुंध्याभोवती मुंग्यांसाठी राख टाकायची आणि पाखरं हाकलायची. उरली हाक. पाखरं हाकलायला मामाजी आधीपासूनच हाक देत. आम्ही तिची माळ केली. पहिल्या झाडाखालच्या पोरानं "हूऽऽऽ" म्हणायचं, मग दुसऱ्यानं, असं करत फेरी पुरी होऊन हाक माझ्याकडे परत आली पाहिजे. कावळेही उडतात आणि कोण कुठे आहे तेही कळतं. हाक मध्येच तुटली तर प्रत्येकानं आहे तिथे उभं राहायचं, धावायचं नाही. फक्त मी जाईन.

हाक रोज तुटायची, आणि रोज एकाच ठिकाणी. जैवंतापाशी.

जैवंता खूप आतल्या गोंड गावातली. शाळेच्या वसतिगृहात राहायची. हातानं इतकी नाजूक की तिच्या डहाळीवरून एक लेकरू खाली पडत नसे. पण तोंड उघडत नसे. मी सुजल्या पायानं धावत जायची, तर ही मान खाली घालून उभी. पोरं ओरडायची, "जैवंता आली, लाईन गेली!" वीज गेली की आम्ही लाईन गेली म्हणतो. ती आणखीच मिटून जायची.

एका दुपारी बाकीची पोरं डबे खात असताना मी तिला पाळीवर घेऊन गेले.

"काऊन वो माय, हाक काऊन नाई देत?"

ती म्हणाली, "हासतेत. मले मराठी बराबर येत नाई."

"ह्याले कायची मराठी लागते? हे तं पाखरायची बोली."

 मग मी खरं ते सांगितलं. "मी बी नाई देत. सासऱ्यासमोर सून वरडते का? माहा आवाज मलेच नाई माहीत."

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. तिला माझं नवल वाटलं असावं. आम्ही दोघी पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिलो. आधी तिनं अगदी बारीक "हू" केलं. मग मी. माझा आवाज घोगरा, म्हशीसारखा. ती फिसकन हसली. हसता हसता तिनं असा काही "हूऽऽऽ" टाकला की पल्याडच्या काठावरचे बगळे उडाले. मीही टाकला. रानातून मामाजींचा आवाज आला, "कोन वरडून राह्यलं?" आम्ही दोघी पळसाआड लपलो.

दुसऱ्या दिवसापासून हाक तुटली नाही. आठ आवाज आणि नववा माझा. प्रत्येकाचा वेगळा, मी डोळे मिटून सांगू शकत होते की कोण कुठल्या झाडाखाली आहे.

मग पावसाची झड लागली. शेजारच्या रानातली लेकरं रोगानं मरून डहाळीला उलटी लटकू लागली. मग आमच्याही दोन-चार झाडांवर दिसली. गावात कुजबुज सुरू झाली. पाण्याला गेलं की कुणीतरी म्हणायचं, "बुटाचं रान कसं हाय वो?" मामाजी काही बोलत नसत. मेलेली लेकरं वेचून खड्ड्यात पुरत आणि पुढच्या झाडाकडे जात. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. पीक बुडालं असतं तर कर्ज तर होतंच, पण त्यांच्या बापजाद्यांची रीत माझ्या एका वाक्यानं बुडवली, हे मला जन्मभर पुरलं असतं.

झड उघडली त्या सकाळी हाकेची माळ सुरू झाली. गजानन, मग पुढची, मग पुढचा, आणि जैवंताच्या जागी काहीच नाही. मी थांबले. ती विसरणारी नव्हती. कुणी हसलं नाही, कुणी लाईन गेली म्हटलं नाही. सगळी पोरं शिकवल्यासारखी जिथल्या तिथे उभी राहिली. इतकं शांत झालं की लेंडीची टपटप ऐकू येत होती.

मी गेले. जैवंता झाडाखाली खांबासारखी उभी होती. डोळे खाली. तिच्या बुटाला लागून परड वेटोळं घालून बसलं होतं आणि फुसफुसत होतं, कुकरसारखं.

"हालू नको, माय," मी म्हणाले. "मी आली."

ती हलली नाही. मीही हलले नाही. माझ्या मेल्या बोटांत कळ उठली, खोटी असेल, पण उठली. केवढा वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी ते वेटोळं सुटलं, परड गवतातून राखेची रेघ ओलांडून नाल्याकडे गेलं. जैवंता तरी हलेना. मी जवळ जाऊन तिला धरलं तेव्हा तिचे दात वाजायला लागले.

बुटावर, घोट्यापाशी, एक ओला ओरखडा होता. दाताचा की काट्याचा, कोण सांगणार. आम्ही बूट काढला, तणस काढलं, पाय धुऊन बोटाबोटातून पाहिला. काही नव्हतं. तरी मॅडमनी तिला गावातल्या एकाच्या मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलं आणि दिवसभर तिथे बसून राहिल्या. परत आल्या तेव्हा जैवंता बिस्किटं खात होती.

तो बूट मामाजींनी उचलला. बराच वेळ फिरवून पाहिला. त्या ओरखड्यावर अंगठा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माह्या मापाचा मियते का वो?"

अशा रीतीनं कर्जात आणखी एक जोड वाढला. शेवंताबाई म्हणाली, "आता बैलायले बी घेऊन टाक!"

पीक आलं, पण कमी आलं. ज्यांच्या रानात कुणी बूट घातला नव्हता त्यांचंही कमीच आलं, त्यामुळे बुटांचं नाव पुढे कुणी काढलं नाही. शेवटच्या दिवशी पोरांनी कोसे तोडले, सोनेरी-करडे, टणक, कानाशी हलवले की आत खुळखुळणारे. जैवंतानं जाताना एक कोसा मागून घेतला. पुढे तिला मुलचेऱ्याकडे दिली असं ऐकलं, नक्की माहीत नाही. गजानन आता मोहर्लीला वाघ दाखवायची जिप्सी चालवतो आणि पाहुण्यांना सांगतो की वाघाला तो भीत नाही. परडाचं विचारा म्हणावं.

आठ पोरं आली, आठ पोरं परत गेली. शाळेत त्यांना कामाचे गुण मिळाले असतील. कुणाला काही झालं नाही, याचे गुण कुठे नसतात. जे झालंच नाही ते कुणाला दिसणार? पण मला दिसतं. आज सकाळी पाळीवर बसून त्या हाका मोजत होते, तेव्हाही दिसत होतं. यंदाची पोरंही रानाच्या कडेला गमबूट घालतात. जाताना तिथेच काढून ठेवतात. ही रीत आता जुनीच आहे असं त्यांना वाटतं. कुणी सुरू केली हे कुणी विचारत नाही, आणि मी सांगत नाही. मनातल्या मनात मात्र मी फार मोठी होऊन बसते. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही.

कोशाच्या पैशातून कर्ज फिटलं नाही. उरलेलं मी हिवाळाभर आणि उन्हाळ्यात सुकी मासोळी विकून थोडं थोडं दिलं. शेवटच्या हप्त्याच्या दिवशी मी गटात बसले होते, तर दाराशी मामाजी उभे. बायांच्या बैठकीत ते कधी येत नसत. अनवाणी होते.

"बुढ्या, बूट कुठी हाय?" शेवंताबाईनं विचारलं.

"रानात. ते गावात नाई येत." त्यांनी कमरेची गाठ सोडली. मोहफुलं विकून आलेले पैसे होते. "माह्या जोडाचे मी देतो. सुनेच्या कर्जावर पाय ठेवून किती दिवस चालू?"

 मी पदर सावरायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. शेवंताबाईनं त्यांचे पैसे घेतले, माझे घेतले, दोन्ही एकत्र करून मोजले आणि डब्याचं झाकण दाबून लावलं.

"फिटलं वो पार्बता," ती म्हणाली. "सारं फिटलं."